तिसऱ्यांदा पुढे आलेला गाल

१

सुट्टीचं घर निवडावं तर एडिथनं, हे त्यांच्या कुटुंबात सगळ्यांना मान्य होतं. ज्याला मान्य नसे त्याच्याकडून ती करवून घ्यायची. उत्तरेकडच्या लील शहरातल्या एका सहलींच्या कंपनीत तिनं उभी हयात बसगाड्यांचे मार्ग आखले होते, त्यामुळे या विषयात तिला कुणी काही शिकवायला जात नसे. घर प्रेक्षणीय जागी नको, प्रेक्षणीय जागांच्या मधोमध हवं. सकाळचा पाव पायी जाऊन आणता आला पाहिजे. पोहायचा तलाव असलेलं घर तर मुळीच नको, माणसं त्या तलावाशी लोळत पडतात आणि प्रदेश बघायचा राहतो. आणि मालकिणीशी आधी फोनवर बोलायचं. आवाजावरून गाद्या कळतात, असं ती छातीठोकपणे सांगायची, आणि खरं सांगायचं तर गाद्या कधी वाईट निघाल्या नव्हत्या.

यंदा तिनं दक्षिणेकडे सेवेनच्या डोंगरांत घर धरलं. चेस्टनटचं रान, जाड दगडी भिंती, एका अंगाला दऱ्या, दुसऱ्या अंगाला गुहा, खाली बाजाराचं गाव. पण यंदा प्रश्न नुसता फिरण्याचा नव्हता. तिची थोरली बहीण रेमोंद हल्ली विसरायला लागली होती. एकदा गॅस, एकदा किल्ली, एकदा स्वतःच्या घराचा रस्ता. रेमोंदच्या मुलानं, तिएरीनं, वृद्धाश्रमात जागा धरून ठेवली होती.

"माझ्या जिवात जीव आहे तोवर माझी बहीण तिथं जायची नाही," एडिथ म्हणाली होती. "माझ्याकडे राहील."

"मावशी, तू सगळ्यांना सांभाळशील, मला माहितेय. पण आई सांभाळली जाण्याच्या पलीकडे गेलीय का, ते मला बघू दे." तिएरी शांत माणूस, पण आईसारखाच हट्टी. "एक सुट्टी एकत्र काढू. ती नीट राहिली तर तुझी. नाहीतर शनिवारी मी आश्रमाला हो म्हणून कळवतो."

एडिथनं ते लगेच कबूल केलं. घर चांगलं असलं की माणूस नीट राहतो, यावर तिचा विश्वास होता.

मालकीणबाई, मादाम फाब्रेग, अंगणात उभ्याच होत्या. बुटक्या, वाळक्या, कमरेला एप्रन. गाड्यांतून उतरल्या उतरल्या त्यांनी सगळ्यांचे पापे घेतले, उजवा गाल, डावा गाल. तिएरी दोन झाल्यावर मागे झाला आणि मादाम तिसऱ्यासाठी पुढे आल्या, तेव्हा त्यांचं कपाळ त्याच्या नाकावर आपटलं.

"आमच्याकडे तीन असतात," मादाम म्हणाल्या. "तुम्ही उत्तरेकडची माणसं दोनात भागवता. कंजूष."

रेमोंद खळखळून हसली. तिला असं हसताना एडिथनं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. घर बरोबर निवडलंय, तिनं मनाशी म्हटलं.

२

उन्हाळ्यात त्या भागात खिडक्यांची लाकडी झडपं दिवसभर लावलेली असतात. नाहीतर घर भट्टीसारखं तापतं. वरच्या मजल्यावर तीन खोल्या आणि त्यांच्यामधून जाणारा एक लांब बोळ होता. बोळाच्या टोकाला एकच खिडकी, तिचंही झडप बंद. बाहेर लख्ख सकाळ झाली तरी तिथं हाताला हात दिसत नसे. एडिथला ते आवडलं. डोळ्यांना थंडावा, फरशीला थंडावा.

पहिल्या सकाळी ती ओठ रंगवून खोलीबाहेर पडली. ओठ रंगवल्याशिवाय ती कचरा टाकायलाही जात नसे. समोरून कुणीतरी आलं. बांध्यावरून, चालीवरून रेमोंद. आता त्यांच्यात सकाळी जो पहिला भेटेल त्याचा पापा घेतल्याशिवाय कॉफी घशाखाली उतरत नाही. डोळे अर्धवट मिटलेले असले तरी गाल आपोआप पुढे होतो. एडिथनं पापा घेतला, उजवा, डावा, आणि वळणार तोच पहिला गाल पुन्हा पुढे आला.

"अगं बाई, एका रात्रीत इथली झालीस की," म्हणत तिनं हसत तिसराही घेतला, आणि चष्मा राहिला म्हणून खोलीत परत गेली.

खाली आली तर रेमोंद अंगणात, तुतीच्या झाडाखाली, मांडीवर पातेलं घेऊन वाटाणे सोलत होती. पातेलं जवळजवळ भरलं होतं.

"एडिथ, आज मला पापा नाही का?"

"आत्ता वर घेतला की. चांगले तीन घेतले."

"माझे? मी केव्हाची इथं बसलेय. मादामनी शेंगा दिल्या, त्या सोलतेय."

"विसरलीस तू," एडिथ सहज म्हणून गेली.

टेबलाशी बसलेल्या तिएरीनं कप खाली ठेवला. आईकडे रोखून पाहिलं. त्याची ती नजर बघून एडिथनं जीभ चावली. आपल्याच तोंडानं आपण बहिणीच्या विरुद्ध साक्ष दिली होती. रेमोंदच्या गालावर लिपस्टिकचा डाग नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. पुसला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. आणि पाव कापायला घेतला.

३

तो दिवस सुरेख गेला. दरीच्या कडेकडेनं गाडी, दुपारी नदीकाठी चीज, गोड कांदे आणि पाव. बाजारात रेमोंदनं मधवाल्याशी अशी हुज्जत घातली की तो शेवटी म्हणाला, "आजी, तुम्ही माझ्या दुकानावर बसा, मी घरी जातो." तिएरी हसला. एडिथनं त्याच्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

परतताना गाडीत रेमोंद मागच्या सीटवरून म्हणाली, "ती बाई चांगल्या वळणाची आहे हं."

"कोण बाई, आई? मादाम?"

"मादाम नव्हे रे. वरची. काल दुपारी आल्यावर पडायला गेले ना मी, तेव्हा भेटली. आज सकाळीही पापा घेतला. गाल अगदी गार लागतो बिचारीचा."

तिएरीनं आरशातून आईकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या मावशीकडे. एडिथ मुद्दाम नकाशा उघडून बसली. तिला सगळे रस्ते पाठ होते.

गार. तो शब्द तिला टोचला. रेमोंदचा गाल ती साठ वर्षं ओळखत होती. मऊ, थोडी लव असलेला, पावडरीचा वास येणारा. सकाळचा गाल गुळगुळीत होता, आणि त्याला वास होता तो पावडरीचा नव्हे. बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या कपाटाचा. आता अशा वेळी माणूस काय करतो? कारणं शोधतो. एडिथनंही शोधली. भिंती जाड, सकाळची वेळ, गार पाण्यानं तोंड धुतलेलं, कपडे कपाटातले. सगळी कारणं चांगली होती. रेमोंद त्याच्या आधीपासून अंगणात वाटाणे सोलत होती, एवढंच त्यात बसत नव्हतं.

४

दुसऱ्या सकाळी तिनं उठल्या उठल्या बोळाच्या टोकाचं झडप उघडलं. ऊन आत आलं. पांढऱ्या भिंती, लाल फरशी, एक खुर्ची. बोळात कुणी नव्हतं आणि कुणी असायला जागाही नव्हती. एडिथला हायसं वाटलं आणि स्वतःचा थोडा रागही आला. बसगाड्या वेळेवर धाडणारी बाई म्हणे अंधारात चाचपडते.

पाव आणायला जाताना ती मादाम फाब्रेगच्या दारी थांबली. मादाम सशांना पाला घालत होत्या.

"मादाम, वर साफसफाईला कुणी येतं का? सकाळी, दुपारी?"

"तुम्ही असेपर्यंत कुणी नाही. का? घाण आहे?"

"छे, छे. अगदी स्वच्छ आहे."

"मग?"

काय सांगणार? बहीण म्हणते, एक बाई आहे, असं सांगितलं तर ते गावभर होणार आणि तिएरीच्या कानावर जाणार. "मग काही नाही," एडिथ म्हणाली.

मादामनी हात एप्रनला पुसले. "बोळाची खिडकी उघडलीत ना तुम्ही? खालून दिसली मला. ती बंदच ठेवा. सवय नाही."

"कशाला सवय नाही? फरशीला?"

मादाम सशांकडे वळल्या. "ऊन फार येतं," एवढंच म्हणाल्या.

एडिथ पाव घेऊन परत आली तेव्हा झडप पुन्हा लावलेलं होतं. तिएरी म्हणाला, मी नाही. रेमोंद म्हणाली, मी तर जागची उठलेही नाही. एडिथनं वाद घातला नाही. वाद घातला असता तर कुणाच्या अंगाशी आला असता हे ती जाणून होती.

५

गुरुवारी गुहा बघायला जायचं होतं, पण ऊन इतकं कडक पडलं की तो बेत संध्याकाळवर टाकला. जेवणं झाली. खाली अंगणात तिएरी आणि रेमोंद पत्ते खेळत बसले. रेमोंद जिंकत होती, ते तिच्या आवाजावरूनच कळत होतं. एडिथ पंखा आणायला वर आली.

जिना संपला आणि अंधार लागला. तिनं भिंतीला हात लावला. खालून रेमोंदचा आवाज आला, "बदाम, बाळा, बदाम टाकायचा होता तुला." म्हणजे रेमोंद खाली. तिएरी खाली. मादाम बाजाराला गेलेल्या, त्यांची गाडी जाताना तिनं पाहिली होती. हे सगळं एडिथनं शांतपणे मोजलं, हिशोब बरोबर आला, आणि तेवढ्यात पुढून फरशीवर सपाता घासल्याचा आवाज आला.

पळायला हवं होतं. पण समोरून कुणी आलं तर पाठ फिरवायची नाही, हे अंगात इतकं भिनलेलं असतं की पाय मागे जायच्या आधी मान पुढे जाते. गाल गालाला लागला. गार. दुसरा. मग ते थांबलं आणि वाट बघायला लागलं. श्वास ऐकू येत नव्हता. आपण तिसरा दिला नाही तर काय होईल, हा विचार एडिथच्या मनात आला आणि त्याचं उत्तर नको म्हणून तिनं तिसराही घेतला. तिची मान घामानं भिजली होती.

ते बाजूनं पुढे गेलं. झडपाच्या फटीतून उन्हाची बोटभर रुंद पट्टी भिंतीवर पडली होती. ती पट्टी ओलांडताना त्याचा तेवढा भाग दिसला. कान, त्याच्यामागं नीट चापून बसवलेले पांढरे केस, आणि गाल. गालावर लिपस्टिकचे ठसे होते. आत्ताचा ताजा, आणि त्याच्याखाली जुने, वाळलेले, पहिल्या सकाळचे. काही ठसे तिच्या रंगाचे नव्हते. एकही पुसलेला नव्हता.

खाली रेमोंद पुन्हा जिंकली आणि टाळी वाजवली.

६

शुक्रवारी दुपारी जेवताना तिएरीनं काटा खाली ठेवला.

"मावशी, आश्रमातून फोन आला होता. त्यांना उद्याऐवजी आजच उत्तर हवंय." तो आईसमोरच बोलत होता, लपवाछपवी त्याला जमत नसे. "आई छान राहिली, मी बघितलं. फिरली, खाल्लं, पत्त्यांत मला लुटलं. पण ती वरची बाई. रोज सांगते. आता तू सांग, खरं. वर कुणी आहे?"

रेमोंद बहिणीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, भरवसा होता. एडिथला तेच जड गेलं.

हो म्हणावं, तर तिएरी आश्रमात एक नाही, दोन खाटा बघेल. नाही म्हणावं, तर रेमोंद गेली. पण मार्ग आखणारी बाई ती, रस्ता बंद असला तर वळसा काढणं तिच्या हाडात होतं.

"आहे ना. मी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अरे, अंधारात मीच जाते आणि मादामसारखे तीन पापे घेते तिचे. गंमत. गार पाण्यानं तोंड धुऊन जाते, म्हणून गार लागतो. पहिल्या दिवशी गंमत केली, मग लांबली. चुकलंच माझं."

तिएरी तिच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "या वयात, मावशी? आणि मी आठवडाभर झोपलो नाही." तो उठला, अंगणाच्या कोपऱ्यात गेला आणि फोन लावला. "नाही, धन्यवाद. आई माझ्या मावशीकडे राहणार आहे," तो म्हणाला ते दोघींनी ऐकलं.

एडिथनं सुस्कारा सोडला. जिंकलो. तिनं रेमोंदचा हात धरला.

"ती तू नव्हतीस," रेमोंद हळूच म्हणाली.

"माहितेय."

"मग असं का म्हणालीस? तिला वाईट वाटेल."

७

शनिवारी सकाळी सामान गाड्यांत भरलं. दोन्ही बहिणी एडिथच्या गाडीनं उत्तरेला जाणार होत्या आणि तिएरी त्याच्या गाडीनं कामावर. मादाम फाब्रेगनी मधाची बाटली दिली. तेवढ्यात रेमोंद गवती टोपी घालून घराकडे वळली.

"कुठं निघालीस?"

"निरोप घेते. असं न सांगता जाऊ नये."

"रेमोंद, नको," एडिथ म्हणाली, जरा मोठ्यानं.

"काय झालं?" तिएरीनं विचारलं. "कुणाचा निरोप घेतेय आई?"

आता काय सांगणार? वर कुणी नाही, हे एडिथनंच काल शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं होतं. "घराचा," ती म्हणाली. "घराचा निरोप घेतेय. आम्ही तसं करतो." मादाम फाब्रेग जमिनीकडे बघत होत्या.

रेमोंद आत गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली, मग वाजेनाशी झाली. ती लवकर खाली आली. टोपी डोक्यावर, पर्स हातात, चालणं नेहमीचंच. उन्हात उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती जिथल्या तिथं होती. तिएरीनं आईला जवळ घेतलं. उजवा गाल, डावा गाल. ती तिसऱ्यासाठी थांबली.

"मावशी, बघ, सवय लावलीस हिला," तो हसत म्हणाला आणि त्यानं तिसराही घेतला. "गार पडलीस गं, आई. आतला गारवा लागला वाटतं."

मग ती एडिथकडे वळली. एडिथनं गाल लावला. लव नव्हती. पावडरीचा वास नव्हता. ती समोरच्या डोळ्यांत बघत राहिली, आणि ते डोळे तिच्याकडे प्रेमानं, वाट बघत, बघत राहिले. तिएरी बघत होता. इथं ओरडावं, तर त्याच्या हातात फोन होताच. साठ वर्षांची ओळख एका बाजूला आणि लख्ख ऊन एका बाजूला. एडिथनं तिसरा पापा दिला, गाडीचं पुढचं दार उघडलं, तिला बसवलं आणि पट्टा लावून दिला.

ती स्वतः दुसऱ्या बाजूनं येऊन बसली. किल्लीला हात लावला आणि काढून घेतला.

"चष्मा राहिला," ती तिएरीला खिडकीतून म्हणाली.

"डोळ्यांवर आहे, मावशी."

"दुसरा," ती म्हणाली, आणि उतरली.

अंगण, दार, जिना. ती भराभर चढली नाही, तिला ते शोभलं नसतं. एकेक पायरी नीट चढली. वर अंधार होता. ती बोळाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं गाल पुढे केला.

बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या हाताच्या खोलीकडून घाबरल्या श्वासाचा आवाज आला, आणि एक गाल तिच्या गालाला लागला. उबदार, ओला, बारीक लव असलेला. पावडरीचा वास. उजवा. डावा. आणि तिथं तो थांबला, मागे झाला.

एडिथनं चाचपडून हात शोधला. बोटावर रेमोंदची अंगठी होती.

"दार सापडेना मला," रेमोंद कुजबुजली. "केव्हाची शोधतेय. तू मला नेणार आहेस ना?"

"न्यायलाच आलेय."

"खाली कोण आहे?"

अंगणात एडिथच्या गाडीचा हॉर्न वाजला, आणि पाठोपाठ तिएरीची हाक आली, "मावशी, ये ना! आई खोळंबलीय."

एडिथनं बहिणीचा हात घट्ट धरला, होता नव्हता तेवढा सगळा आवाज एकवटून "आले" म्हणून ओरडली, आणि पायरी चाचपत तिला घेऊन जिना उतरायला लागली.